नकाशातला धूर



मोटारीचा धूर दिसतो. विमानाची रेघ आभाळात उमटते. परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या तर लांबूनच ओळखू येतात. इमारतीला मात्र धुराडे नसते. ती रंग लावून, कुंड्या मांडून निमूट उभी असते, त्यामुळे हवामानबदलाच्या चर्चेत तिचे नाव चटकन कोणी घेत नाही. २०१५च्या पॅरिस हवामान परिषदेत इमारती आणि बांधकाम या विषयाची एक जागतिक आघाडी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या आश्रयाने स्थापन झाली. तिने मांडलेला हिशेब असा, की २०२१ साली ऊर्जावापरातून आणि कारखान्यांतल्या प्रक्रियांतून जगाने जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला, त्यातला सुमारे ३७ टक्के इमारतींच्या खात्यावर होता. विमानवाहतुकीचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास धरतात. आणि विमानाने फिरणाऱ्यांना आपण किती बोल लावतो!

या ३७ टक्क्यांचे दोन भाग आहेत. मोठा भाग, साधारण तीन चतुर्थांश, इमारत वापरताना जळणाऱ्या ऊर्जेचा. थंड देशांत घर गरम ठेवायचे, आपल्याकडे ते गार ठेवायचे, शिवाय दिवे, लिफ्ट, पाण्याचा पंप, स्वयंपाक. उरलेला चतुर्थांश सिमेंट, लोखंड, विटा, काच, ॲल्युमिनियम यांचा, म्हणजे माणूस राहायला येण्याआधीचा. मी व्यवसायाने स्ट्रक्चरल इंजिनिअर. कॉलम किती जाड, सळई किती मिलिमीटरची, हे ठरवण्यात माझी कारकीर्द गेली. त्यामुळे आज या दुसऱ्या भागावर मी जास्त रेंगाळणार आहे, ते तुम्ही सांभाळून घ्या.

ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे लातूरला जमता, ते गुरुजी गणित शिकवत असत, असे संयोजकांनी मला सांगितले. तेव्हा आधी एक गणित करू.

हजार चौरस फुटांचे साधे आरसीसी घर घ्या. अंदाजपत्रक करताना आमचा ठोकताळा असतो: चौरस फुटाला ०.४ गोणी सिमेंट आणि ४ किलो सळई. म्हणजे ४०० गोण्या, वजनात २० टन सिमेंट, आणि ४ टन लोखंड. बाजारात मिळणाऱ्या मिश्र सिमेंटच्या एका टनामागे ६०० ते ७०० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो; २० टनांमागे १२ ते १४ टन. भारतात पोलादाच्या एका टनामागे सरासरी अडीच टन धरतात. ४ टनांमागे १० टन. बेरीज २२ ते २४ टन. यात विटा, फरशी, खिडक्या, रंग, ट्रकचे डिझेल यातले काहीच धरलेले नाही. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो. चौघांच्या कुटुंबाचा तीन वर्षांचा धूर त्यांच्या वास्तुशांतीच्या आधीच आकाशात पोचलेला असतो.

आता त्याच घरात एक एसी बसवा. वर्षाला १६०० तास चालेल हे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (बीईई) स्टार लेबलचे गृहीत मानले तर साधारण यंत्र वर्षाला हजारएक युनिट वीज खाते. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम. म्हणजे वर्षाला ७०० किलो. तीस वर्षांत हा आकडा घराच्या सिमेंट-लोखंडाला जवळजवळ गाठतो. तरी दोहोंत फरक आहे. विजेचा धूर सुधारता येतो. उद्या ग्रीडवर सूर्याची आणि वाऱ्याची वीज वाढली, छतावर पॅनेल बसले, चांगले यंत्र आले, की तो घटतो. पायात ओतलेले काँक्रीट कोणालाही परत मागवता येत नाही. त्याचा कार्बन पहिल्याच दिवशी, पूर्णच्या पूर्ण, रोखीने चुकता झालेला असतो.

आणि हे २२-२४ टन ठरवले कोणी? गवंड्याने नव्हे, बिगाऱ्याने नव्हे, सेंटरिंगवाल्यानेही नव्हे. घरमालकाला तर कोणी विचारलेलेही नसते. खोल्यांची मांडणी, कॉलमांतले अंतर, मजल्यांची संख्या, पार्किंग कुठे, खिडकी पश्चिमेला की उत्तरेला, हे सगळे कागदावर उतरते आणि महापालिकेच्या नगररचना खात्यात त्यावर शिक्का बसतो. त्या शिक्क्यानंतर धुरात फार फार तर दहा-वीस टक्क्यांचा फेर पडेल, असा माझा व्यवसायातला अंदाज आहे. जगभर इमारतींचा कार्बन कमी करण्याच्या ज्या चर्चा चालतात, त्यांत मला सगळ्यांत महत्त्वाचे हेच वाटते: धूर नकाशात ठरतो, आणि नकाशा मंजूर करणारा माणूस आज त्याबद्दल एक अक्षर विचारत नाही.

सिमेंटबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिथे एक अडचण अशी आहे जी कोणत्याही इंधनबदलाने सुटत नाही. इंग्लंडातल्या लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. दोनशे वर्षे झाली, कृतीचा गाभा तोच आहे. चुनखडीचा दगड आणि माती दळायची, भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजायची, निघालेल्या क्लिंकरच्या गोळ्या जिप्समबरोबर पुन्हा दळायच्या. भट्टीला कोळसा लागतो, त्याचा धूर आहेच. पण खरा धूर दगडातून निघतो. चुनखडी भाजली की तिचा चुना होतो आणि एका टन शुद्ध चुनखडीमागे ४४० किलो कार्बन डायऑक्साइड सुटा होतो. भट्टी उद्या सौरऊर्जेवर चालवली तरी हे ४४० किलो सुटणारच. सिमेंटच्या एकूण धुरातला साठ टक्क्यांच्या आसपास वाटा हा असा दगडाच्या पोटातला आहे.

जग वर्षाला चार अब्ज टनांच्या घरात सिमेंट करते आणि जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के त्यातून येतो. एकट्या चीनने २०११ ते २०१३ या तीन वर्षांत जेवढे सिमेंट वापरले, तेवढे अमेरिकेने अख्ख्या विसाव्या शतकात वापरले नव्हते. चीनचा तो भर आता ओसरला आहे. तिथले उत्पादन २०१४च्या शिखरावरून खाली येत वर्षाला दोन अब्ज टनांच्या आत आले. दुसऱ्या क्रमांकावर आपण आहोत, आणि आपले शिखर अजून यायचे आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ज्यांच्या डोक्यावर अजून पत्रा आहे, त्यांना छत हवेच. वर सांगितलेल्या जागतिक आघाडीने २०१७ साली अंदाज केला होता, की पुढच्या चाळीस वर्षांत जगात २३० अब्ज चौरस मीटर नवे बांधकाम होईल, म्हणजे दर आठवड्याला एक पॅरिस शहर. यातले बहुतेक पॅरिस आशियात आणि आफ्रिकेत उठणार आहेत. "बांधू नका" हा सल्ला युरोपने युरोपला द्यावा. तो आपल्याला परवडत नाही. कसे बांधायचे, एवढाच आपला प्रश्न.

सिमेंटमध्ये क्लिंकर कमी करणे हा सर्वांत हाताशी असलेला उपाय. आपल्या देशात तो बऱ्यापैकी रुळलेला आहे, हे आपणच विसरतो. दुकानात पीपीसी म्हणून मिळणाऱ्या गोणीत ३५ टक्क्यांपर्यंत औष्णिक केंद्राची राख असू शकते. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याची मळी ७० टक्क्यांपर्यंत चालते. तरीही साइटवर गेले की मुकादम छातीठोकपणे सांगतो, "मॅडम, आपण त्रेपन्न ग्रेडच वापरतो!" जणू काही त्रेपन्न हा आकडा म्हणजे पहिला वर्ग. भिंतीच्या गिलाव्याला, पाया भरायला, फरशीखालच्या कोब्याला त्रेपन्न ग्रेडचे ओपीसी, म्हणजे जवळजवळ सगळे क्लिंकरच असलेले सिमेंट, ओतणे हा शुद्ध अपव्यय आहे. गिलाव्याला तर त्याने चिराच जास्त पडतात. पण ग्राहकाला आकडा मोठा लागतो आणि दुकानदाराला तो विकायला सोपा पडतो.

राख आणि मळी मात्र कायम पुरणार नाहीत. कोळशाची केंद्रे आणि जुन्या पद्धतीच्या झोतभट्ट्या बंद होत जातील, तसा हा कच्चा माल आटेल. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठातल्या कॅरेन स्क्रिव्हेनर, क्यूबातले फर्नांडो मार्तिरेना आणि आपल्या दिल्ली व मद्रास आयआयटीतले संशोधक यांनी मिळून पुढे आणलेले एलसी-थ्री सिमेंट मला महत्त्वाचे वाटते. यात क्लिंकर निम्मेच. तीस टक्के भाजलेली चिकणमाती, पंधरा टक्के न भाजता दळलेली चुनखडी, बाकी जिप्सम. माती ७०० ते ८५० अंशांवर भाजली की पुरते आणि तिच्यातून कार्बन नाही, पाण्याची वाफ निघते. साध्या सिमेंटच्या तुलनेत धूर ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो. भारतीय मानक ब्युरोने २०२३ साली आयएस १८१८९ या क्रमांकाने त्याचे मानकही काढले. म्हणजे "कोडमध्ये नाही" ही आम्हा इंजिनिअरांची आवडती सबब आता संपली. नॉर्वेत ब्रेव्हिक इथल्या सिमेंट कारखान्यात २०२५पासून वर्षाला चार लाख टन कार्बन डायऑक्साइड पकडून समुद्राच्या तळाखाली साठवण्याचे काम सुरू झाले आहे. तंत्र म्हणून ते अचंबा वाटावा असेच आहे. पण नॉर्वेच्या सरकारी तिजोरीचा टेकू त्यामागे आहे, आणि चार अब्ज टनांच्या धंद्यापुढे चार लाख टन म्हणजे काय, हे गुरुजींच्या विद्यार्थ्यांना मी सांगायला नको.

आता मी अशा विषयाकडे येते, जो लातूरमध्ये टाळून जाणे मला शक्य नाही.

कमी कार्बनच्या घरांची पुस्तके उघडली की माती, दगड, लाकूड यांची सुंदर छायाचित्रे दिसतात. बुर्किना फासोतल्या गांदो या आपल्या गावी फ्रान्सिस केरे यांनी २००१ साली मातीच्या विटांची शाळा बांधली. भिंतींच्या वर अधांतरी उचललेले पत्र्याचे छत, मधून खेळणारी हवा, आणि बांधणारे हात गावकऱ्यांचेच. त्यांना २०२२ साली वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. ते योग्यच झाले. पण मातीच्या घराचे गुणगान लातूर-धाराशिवच्या लोकांपुढे गाणे सोपे नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणेश विसर्जन करून माणसे झोपली होती तेव्हा, किल्लारी परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. ६.२ तीव्रतेचा भूकंप जगात इतरत्र एवढे बळी घेतोच असे नाही. इथे बळी घेतले ते घरांनी. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, सांधे मातीचे, आतला थर आणि बाहेरचा थर यांना एकमेकांशी बांधणारे लांब दगडच नाहीत, आणि वर उन्हापासून राखणारे मातीचे जड माळवद. धक्का बसला तशा भिंतीचे दोन्ही थर दोन बाजूंना फाकले आणि माळवद खाली आले.

त्यानंतर या भागातल्या माणसाच्या मनात दगड-माती म्हणजे मरण आणि स्लॅब म्हणजे जीव, असे समीकरण बसले. ५२ गावे नव्या जागी वसली. त्या समीकरणावर बाहेरून आलेल्या कोणी पर्यावरणप्रेमीने नाक मुरडू नये. मात्र इंजिनिअर म्हणून मला त्यातला अर्धा भाग तपासून पाहावा लागतो. २६ जानेवारी २००१ला भुजचा भूकंप झाला, तेव्हा तिथून दोनशेहून जास्त किलोमीटर लांब अहमदाबादेत आरसीसीच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतल्या कित्येक खाली मोकळे पार्किंग आणि वर भिंतींचे मजले अशा होत्या. त्याच भूकंपात कच्छमधली भुंगा नावाची मातीची गोल घरे पुष्कळ ठिकाणी उभी राहिली. फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानात पन्नास हजारांवर माणसे गेली. तिथे कोसळले ते काँक्रीटच. तेव्हा माणसाला वाचवते ती बांधणी. किती टन सिमेंट ओतले याच्याशी भूकंपाला देणेघेणे नसते. ते नेमके कुठे ओतले, याच्याशी असते.

दगडी भिंतीला जोत्याच्या, लिंटेलच्या आणि छताच्या पातळीवर काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला, कोपऱ्यांत उभी सळई दिली, दर थराला आरपार जाणारे दगड घातले आणि माळवदाऐवजी हलके छत दिले, तर तीच भिंत भूकंपात माणसाला बाहेर पडायला वेळ देते. असे पट्टे कसे द्यायचे, हे सांगणारी भारतीय मानके, आयएस १३८२७ आणि १३८२८, १९९३ सालीच प्रसिद्ध झालेली आहेत. या पट्ट्यांना पूर्ण आरसीसी सांगाड्याच्या तुलनेत अगदी थोडे सिमेंट लागते. म्हणजे सुरक्षितता आणि कमी कार्बन एकमेकांचे वैरी नाहीत. तरीही एकमजली घराला आज सर्रास नऊ-नऊ कॉलम उभे राहतात आणि त्यांच्या मध्ये विटेच्या भिंती नुसत्या पडद्यासारख्या भरल्या जातात. जी भिंत छताचा भार उचलू शकली असती तिला बिनकामाची ठेवून शेजारी कॉलमला कामाला लावायचे. हे का होते? कॉलमचा नकाशा छापील तयार असतो आणि भिंतीचे गणित करायला वेळ लागतो. आमच्या व्यवसायाची फी चौरस फुटावर ठरते, वाचवलेल्या सिमेंटवर नाही.

लॉरी बेकर यांनी ते गणित केले. बर्मिंगहॅमला जन्मलेला हा वास्तुकार भारतात आला, गांधीजींना भेटला आणि इथलाच झाला. विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवायची, याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. त्यात सुमारे पाव विटा वाचतात आणि पोकळीतल्या हवेमुळे भिंत उन्हात तापायला वेळ घेते. स्लॅबच्या खालच्या भागात जिथे काँक्रीट नुसते वजन वाढवते, ताण सळईच घेते, तिथे त्यांनी जुनी कौले घातली. तिरुवनंतपुरमचे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज पाहून या, काटकसर किती देखणी असू शकते ते दिसेल. आणि तेवढे लांब जायचे नसेल, तर वर्ध्याला सेवाग्रामात जा. १९३६ साली तिथले पहिले निवासस्थान बांधताना गांधीजींची अट होती, की खर्च पाचशे रुपयांच्या वर जाऊ नये आणि सामान व कारागीर आसपासचे असावेत. ती अट कार्बनसाठी नव्हती. तरी आज डेन्मार्कमध्ये जो कायदा आहे, त्याचा जीव त्या अटीतच आहे: बांधायच्या आधी मर्यादा सांगा.

डेन्मार्ककडे वळण्याआधी उन्हाचे दोन शब्द. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ साली म्हटले होते, की जगात तेव्हा १६० कोटी एसी होते आणि २०५०पर्यंत ते ५६० कोटी होतील. संस्थेच्या हिशेबाने तीस वर्षे दर सेकंदाला दहा नवे एसी विकले जातील. भारताने २०१९मध्ये स्वतःचा शीतकरण आराखडा केला, २०२०पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतील असा नियम केला. एसीतला वायू हा आणखी एक प्रश्न. अनेक यंत्रांतला आर-४१०ए हा वायू गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या दोन हजार पट उष्णता धरतो. तो कमी करण्याचा करार २०१६ साली रवांडातल्या किगालीत झाला. गोदरेजने २०१२पासून प्रोपेनवर चालणारे एसी आपल्याकडे विकले, ज्यांच्यात हा दोष जवळजवळ नाहीच. हे सगळे ठीक. पण लातूरच्या एप्रिल-मेमध्ये खोली भट्टी होते ती बहुधा वरच्या स्लॅबमुळे आणि पश्चिमेच्या भिंतीमुळे, आणि ती दोन्ही नकाशात होती. गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा नुसता चुन्याचा हात दिला तरी खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. अहमदाबादेने आपल्या उष्माघात आराखड्यात हे आणले, तेलंगणाने २०२३ साली त्याचे धोरणच केले. खिडकीवरचा छज्जा नव्या इमारतींतून गेला कुठे, हे मला कोडे आहे. सपाट दर्शनी भाग आणि मोठाल्या काचा यांची हौस थंड प्रदेशातल्या मासिकांतून आली. तिथे ऊन घरात घ्यायचे असते.

आता पाडण्याविषयी. मुंबई-पुण्यात आज तीस वर्षे झालेली इमारत म्हातारी समजली जाते. वर केलेले गणित पुन्हा घ्या. आपल्या हजार चौरस फुटांच्या, म्हणजे ९३ चौरस मीटरच्या घराचा २३ टनांचा धूर पन्नास वर्षांवर वाटला तर दर चौरस मीटरला वर्षाकाठी पाच किलो पडतो. तेच घर तीस वर्षांत पाडले तर आठ किलो. काहीही न बदलता, नुसते लवकर पाडल्याने. आणि पाडले जाते ते बऱ्याचदा मोडकळीला आले म्हणून नव्हे, तर एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) वाढला म्हणून. इथे मला सरसकट बोलायचे नाही. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी चाळी शंभर वर्षे उभ्या होत्या. १६० चौरस फुटांची खोली आणि सामायिक संडास. त्या जागी पाचशे चौरस फुटांचे स्वतःचे घर मिळणाऱ्या कुटुंबाला मी कार्बनचा पाढा ऐकवणार नाही. पण नव्वदच्या दशकातली चांगली धडधाकट सोसायटी पाडून, तीन-चार मजले निव्वळ मोटारी ठेवण्यासाठी बांधून, त्यांच्यावर मनोरा चढवणे, याला गरज म्हणत नाहीत. पार्किंगच्या नियमाने जेवढे काँक्रीट आपल्या शहरांत ओतले आहे, त्याचा हिशेब कोणी केला तर डोळे विस्फारतील.

फ्रान्समध्ये बोर्दो शहरात १९६०च्या दशकातल्या तीन थोरल्या वसाहत-इमारती होत्या, ५३० घरांच्या. ॲन लाकातोन आणि जाँ-फिलिप व्हासाल यांनी सहकाऱ्यांसह त्या पाडल्या नाहीत. बाहेरच्या बाजूने पावणेचार मीटर खोलीचे, काचेने बंद होणारे प्रशस्त सज्जे जोडले. घरे मोठी झाली, उजळ झाली, थंडीत ऊब धरू लागली आणि काम चालू असताना रहिवासी घरातच राहिले. लाकातोन-व्हासाल यांना २०२१चा प्रिट्झकर मिळाला. लंडनमध्ये तर ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे मार्क्स अँड स्पेन्सरचे जुने दुकान पाडायचे की नाही, यावर मंत्र्यापर्यंत भांडण गेले. २०२३मध्ये मंत्र्याने परवानगी नाकारली, कंपनी न्यायालयात जिंकली आणि डिसेंबर २०२४मध्ये नव्या सरकारने पाडायला मंजुरी दिली. इमारत हरली, तरी मला त्या भांडणाचा हेवा वाटतो. पाडकामाची परवानगी देताना कार्बन हा वादाचा मुद्दा असू शकतो, हे तिथे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

ते गृहीत कायद्यातून आले. स्वीडनने २०२२पासून नव्या इमारतीच्या बांधकामाचा कार्बन जाहीर करणे सक्तीचे केले. मर्यादा घातली नाही, फक्त आकडा मागितला. फ्रान्सने त्याच वर्षी मर्यादा घातली आणि ती टप्प्याटप्प्याने आवळत नेण्याचे वेळापत्रकही आधीच जाहीर केले. डेन्मार्कने २०२३पासून हजार चौरस मीटरहून मोठ्या नव्या इमारतींना पन्नास वर्षांच्या हिशेबाने दर चौरस मीटरला वर्षाकाठी १२ किलोंची मर्यादा घातली, त्यात वापराची ऊर्जाही धरली, आणि जुलै २०२५मध्ये ती सरासरी ७.१ किलोंवर आणली. युरोपीय संघाने २०२४च्या निर्देशात ठरवले, की २०२८पासून मोठ्या आणि २०३०पासून सगळ्याच नव्या इमारतींना हा आकडा सांगावा लागेल.

आपल्याकडे काय आहे? ऊर्जेसाठी संहिता आहेत: २००७ची व्यापारी इमारतींसाठीची ईसीबीसी, २०१८ची निवासी इमारतींसाठीची इको-निवास संहिता. त्या चांगल्या आहेत, पण त्यांचा रोख वापरातल्या विजेवर. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला उत्तेजन आहे. प्रमाणपत्र जसे वरच्या दर्जाचे, तसा तीन, पाच किंवा सात टक्के जादा एफएसआय. म्हणजे धूर कमी केल्याचे बक्षीस म्हणून आणखी काँक्रीट ओतायची मुभा! नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला असेल; आमच्या सरकारी व्यवहारात बिल्डरला पटेल असे दुसरे चलनच नाही, हेही खरे. पण ज्या बक्षिसाने आजाराचे औषधच पुन्हा आजार होते, ते बदलायला हवे. मालमत्ता करात सवलत द्या, परवानगी लवकर द्या, प्रीमियम कमी करा.

मर्यादा घालण्याइतकी तयारी आज आपल्याकडे नाही, हे मला मान्य आहे. पण स्वीडनसारखा नुसता आकडा मागायला काय हरकत आहे? त्यासाठी नवे सॉफ्टवेअर नको, परदेशी सल्लागार नको. प्रत्येक इमारतीचे सिमेंट किती टन, लोखंड किती टन, हे आमच्या अंदाजपत्रकात आधीच लिहिलेले असते. त्याशिवाय ठेकेदार दर देत नाही. बांधकाम परवानगीच्या अर्जात दोन रकाने वाढवायचे: दर चौरस मीटरला सिमेंट किती किलो, सळई किती किलो. आणि तिसरा रकाना पाडल्या जाणाऱ्या इमारतीचा: वय किती, पाडण्याचे कारण काय. तीन वर्षे हे आकडे नुसते गोळा करून प्रत्येक महापालिकेने आपल्या संकेतस्थळावर टाकावेत. एकाच शहरात, सारख्याच मातीवर, सारख्याच उंचीच्या दोन इमारतींत दीडपट फरक निघाला तर त्या इंजिनिअरला शेजारचा इंजिनिअरच जाब विचारेल. आमच्या व्यवसायात एवढी लाज अजून शिल्लक आहे.

राज्य सरकारने नियम करेपर्यंत थांबायचीही गरज नाही. या सभागृहात ज्यांचे घर बांधायचे किंवा सोसायटी पाडायची घाटत आहे असे पुष्कळ जण बसले असतील. नकाशावर सही करण्याआधी तुमच्या आर्किटेक्टला आणि इंजिनिअरला हे तीन आकडे लेखी मागा. ते देत नसतील, तर त्यांची फी थांबवा.